देवदूताच्या पाठीमागचं मोहोळ

आमच्या वेंडलहॅमच्या चर्चला पहिल्यापासून दोन धनी. वेदीकडचा लहान भाग पाद्रीचा, अलीकडचं मोठं दालन गावाचं. मधे कोरीव लाकडाचा पडदा. पडद्यापलीकडं छप्पर गळलं तर पाद्रीनं बघायचं, अलीकडं गळलं तर आम्ही. म्हणून एखादा पाहुणा दालनात मान वर करून उभा राहतो आणि विचारतो, "हे कुठल्या जहागीरदारानं बांधलं?" तेव्हा आमच्याकडच्या माणसांचं डोकं फिरतं. जहागीरदार तो बघा, कोपऱ्यात स्वतःच्या थडग्यावर, दगडी पलंगावर हात जोडून पडलाय, पायाशी दगडाचं कुत्रं. झोपेशिवाय त्यानं इथं काही केलेलं नाही. छप्पर गावाचं आहे. बायकांनी चर्चच्या अंगणात बिअर गाळून विकली, नांगऱ्यांनी नांगर ओढत दारोदार वर्गणी मागितली, मेंढपाळांनी लोकर दिली, आणि ओकचं एक अख्खं रान आडवं होऊन वर चढलं. तुळईच्या टोकाटोकाला एकेक देवदूत. माणसाएवढा, पंख पसरलेला, आत्ता उडेल की मग, अशा बेतात.

ऑड्री थर्कलची आजी त्या बिअर गाळणाऱ्या बायकांतली. त्यामुळे ऑड्रीला ते देवदूत लहानपणापासून घरचे वाटत. चर्चमधे तेव्हा बाकं नव्हती. जमिनीवर लव्हाळं पसरलेलं असे. पाद्रीची लॅटिन प्रार्थना लांबली की ही पोरगी त्या लव्हाळ्यात उताणी पडायची आणि वर बघत राहायची. मेणबत्त्यांचा धूर वर जाऊन पंखांत अडकायचा. मग पंख हलल्यासारखे वाटायचे.

"आई, ते पडतील ना गं खाली?"

"पंख कशाला दिलेत मग? गप्प पड."

तिची आई लेटिस. तोंडानं तिखट, हातानं गोड, कारण तिच्या मधमाश्या होत्या. घरामागं कुंपणाच्या आडोशाला पेंढ्याच्या टोपल्या उपड्या घातलेल्या, त्यांत पोळी. मध घरचा, मेण चर्चचं. आमच्याकडं त्या काळी प्रत्येकाचा एक दिवा असायचा. लग्न न झालेल्या पोरींचा वेगळा, नांगऱ्यांचा वेगळा, बायकांचा वेगळा. बायकांचा दिवा संत मार्गारेटच्या मूर्तीपुढं, बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून. त्याचं मेण लेटिसचं. मरताना तिनं ऑड्रीचा हात धरला. घराबद्दल बोलली नाही, जावयाबद्दल तर नाहीच.

"दोन टोपल्या मार्गारेटच्या. त्यातलं मेण दुसरीकडं जाता कामा नये. दिवा विझू द्यायचा नाही, ऑड्री."

"नाही विझू देणार."

ऑड्रीनं शब्द पाळला. नवरा गेला, तो शाकारणीचं काम करायचा, उंचावरून पडला. पोरं जगली नाहीत. माश्या जगल्या, दिवा जगला. बाई भांडखोर म्हणून गावाला ठाऊक झाली. पाणवठ्यावर तिची पाळी कुणी मोडायचं नाही, तिच्या मेणात चरबी आहे असं कुणी म्हणायचं नाही. एकदा एका फेरीवाल्यानं म्हटलं, तर त्याच्याच तराजूची दांडी त्याच्या पाठीवर बसली.

मग राजानं रोमच्या पोपशी भांडण काढलं आणि ते भांडण चालत चालत वेंडलहॅमला आलं. लॉरेन्स पाद्री बिचारा भला माणूस, वयानं वाकलेला. एका रविवारी त्यानं हुकूम वाचून दाखवला. मूर्तींपुढचे दिवे बंद. वर लाकडी पडद्यावर मोठा क्रूस आहे त्याच्यापुढचा, वेदीवरचा आणि ईस्टरचा, एवढेच दिवे ठेवायचे. ज्या मूर्तीपुढं लोक नवस करतात, देणगी ठेवतात, चमत्कार सांगतात, ती मूर्ती काढून टाकायची. नुसती शोभेला असेल तर राहू द्यायची.

"म्हणजे कुणी तिच्याकडं बघितलं नाही तरच ती राहणार?" ऑड्री भर चर्चमधे म्हणाली.

"ऑड्रीबाई, हे मी लिहिलेलं नाही."

"ते कळतंय. तुम्ही लिहिलं असतं तर वाचता आलं असतं का तुम्हाला?"

लोक हसले. पण दिवा विझवायचाच होता. तिनं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. बोटं ओली करून स्वतः वात चिमटली आणि त्यानंतर कितीतरी दिवस तिनं मान वर करून बघितलं नाही. ना मार्गारेटकडं, ना छपराकडं.

पुढच्या मे महिन्यात मार्गारेटच्या टोपलीतून थवा उठला. मधमाश्यांचा थवा उठला की मालकानं भांडं बडवत मागं धावायचं. आवाज चालू आहे तोवर माश्या तुमच्या, मग त्या कुणाच्याही झाडावर बसोत. ऑड्री कढई आणि पळी घेऊन धावली. शेतं ओलांडली, ओढा ओलांडला. थवा चर्चच्या मनोऱ्याला वळसा घालून उत्तरेच्या बाजूला गेला आणि ऑड्री कोपऱ्यावर थबकली.

आमच्या गावात तेव्हा चर्चच्या उत्तरेच्या बाजूला कुणी जात नसे. तिकडं ऊन पोचत नाही, तिकडं कुणाला पुरत नसत, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी बाळातून निघालेला सैतान उत्तरेच्या दारानंच बाहेर पडतो असं लहानपणापासून सांगितलेलं असे. तिथं गुडघाभर खाजकुइली माजलेली. फेरीवाल्याला झोडपणारी ऑड्री तिथं पाऊल टाकेना. कढई बडवत ती कोपऱ्यावर उभी राहिली. हात दुखले तेव्हा घरी आली.

त्या उन्हाळ्यात चर्चमधे गाणं सुरू झालं.

पहिल्यांदा सिबिल म्हातारीनं ऐकलं. सिबिल ऑड्रीची शेजारीण, आईच्या वयाची. एका डोळ्यावर सारा, म्हणजे पांढरा पडदा, आलेला, दुसऱ्यातून जग दुधातून बघितल्यासारखं. दुपारी गार म्हणून ती चर्चमधे येऊन बसायची. तिला वरून आवाज आला. बारीक, न थांबणारा, जसे पुष्कळ लोक ओठ मिटून एकच सूर धरून बसलेत.

"देवदूत गातात," तिनं सांगितलं.

लोकांनी थट्टा केली, मग जाऊन ऐकलं, आणि थट्टा बंद झाली. दालनात उभं राहिलं की खरोखर ते गुणगुणणं अंगावर उतरायचं. कारभारी राल्फ गूच, म्हणजे गावातर्फे चर्चची देखभाल बघणारा, चांगला धट्टाकट्टा गडी, टोपी काढून रडला. मग ऑगस्टच्या कडक उन्हात, उत्तरेकडच्या ओळीतला मधला देवदूत रडू लागला. त्याच्या गालावरून एक सोनेरी थेंब ओघळला, हनुवटीवर थांबला आणि खाली लव्हाळ्यात पडला. सिबिलनं तो बोटावर घेऊन डोळ्याला लावला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मला खिडकीची चौकट दिसली."

झालं. शेजारच्या गावांतून माणसं आली. पांगळे आले, बाळंतिणी आल्या. कुणी देवदूताखाली नाणं ठेवलं, कुणी मेणबत्ती लावली. लॉरेन्स पाद्री हात जोडत फिरायचा, "अहो लावू नका, अहो कायदा आहे." त्याचं कोण ऐकतंय!

ऑड्रीनं पहिल्या दिवशी थेंब चाटून बघितला. लिंडनच्या फुलांचा मध. जीभ तिला फसवणारी नव्हती. कोपऱ्यावर थांबलेली ती आणि पलीकडं गेलेला थवा, दोन्ही तिला आठवलं. पण ती बोलली नाही. कारण तिला राग होता आणि त्या रागाखाली दुसरंच काहीतरी होतं, ज्यानं तिच्या अंगावर काटा यायचा. तुम्ही मार्गारेटचा दिवा विझवलात ना? मग मार्गारेटच्या माश्या आपल्या पायांनी चर्चमधे गेल्या. आईला दिलेला शब्द ऑड्रीला पाळता आला नाही, तो माश्यांनी पाळला. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. रोज दुपारी येऊन भिंतीला टेकून उभी राहायची आणि ऐकायची.

गाणं बाजारगावापर्यंत पोचलं आणि तिथून साहेबांपर्यंत. सप्टेंबरात मास्टर ऑर्विस आला, राजाचा तपासनीस. बरोबर सुतार, करवती आणि एक गाडी. माणूस उर्मट नव्हता. दमलेला होता. गावोगाव फिरून घोड्यावर बसण्याचाही कंटाळा आलेला. दालनात येऊन त्यानं मान वर केली आणि बराच वेळ खाली घेतली नाही. ऑड्रीनं ते बघितलं. मग त्यानं जमिनीवरची नाणी, वितळलेलं मेण बघितलं आणि चेहरा बंद केला.

"पाद्रीबाबा, वर नळी कुठं बसवलीय?"

"साहेब, मला शिडीच्या दुसऱ्या पायरीवर गरगरतं. मी काय नळी बसवणार?"

"मग कुणाकडून बसवून घेतली?" त्यानं बोटावर थेंब घेतला, चाटला. "मध आहे. दुसऱ्या एका ठिकाणी कोंबडीचं रक्त होतं. तिथला पाद्री आता कैदेत आहे." तो सुतारांकडं वळला. "एक काढून भागणार नाही, उद्या शेजारचा रडेल. सगळेच उतरवा."

शिड्या एकीला एक बांधायला घेतल्या. गाव भिंतीला लागून उभं. ज्यांच्या आज्यांनी बिअर गाळली, ज्यांच्या आजोबांनी नांगर ओढले, ती माणसं करवतीचे दात बघत होती. सिबिल मोठ्यानं रडत होती. ऑड्रीच्या मनात एकच गोष्ट लखकन उभी राहिली. हे आपणच ओढवून आणलं. लोकांनी जीव लावला म्हणूनच ते तुटणार. आणि आपल्याला ठाऊक होतं.

ती बाहेर पडली. मनोऱ्याला वळसा घातला. कोपऱ्यावर पाय अडले, अगदी मे महिन्यात अडले होते तिथंच. तिनं दातओठ खाऊन खाजकुइलीत पाऊल घातलं. काही झालं नाही. पिंढऱ्या पेटल्या, एवढंच. वर बघितलं. गारगोट्यांची भिंत सरळ आभाळात चढलेली, शिशाच्या पत्र्याखाली एक फट, आणि तिथं माश्यांची वाहती रेघ. ऊन त्या बाजूला कधी येत नाही असं सगळे म्हणत. पण इतक्या उंचावर ऊन होतं. पत्र्याच्या कडेला ते सोन्यासारखं लागलेलं होतं आणि माश्या त्यातून आत शिरत होत्या.

ती परत आत आली तेव्हा पहिला सुतार शिडीवर होता.

"उतर रे खाली! साहेब, त्या माझ्या माश्या आहेत."

सगळ्या माना वळल्या.

"मे महिन्यात उडालेला थवा. पत्र्याखालून आत गेलाय. देवदूताच्या पाठीमागं पोळं आहे, उन्हानं मेण वितळतं आणि मध गळतो. ते गाणं म्हणजे माश्यांचं गुणगुणणं. पाद्रीबाबांचा यात काही हात नाही. त्यांना साधं खोटं बोलता येत नाही, चमत्कार काय करतील?"

"खोटं बोलते ही सटवी!" सिबिल ओरडली. "साहेब, माझा डोळा! मला चौकट दिसली! तुझा दिवा विझला म्हणून आमचाही विझवतेस होय गं, ऑड्री?"

ते ऑड्रीला लागलं.

मास्टर ऑर्विस म्हणाला, "पोळं दाखव. असेल तर पाद्री सुटला आणि हे लाकूडही राहिलं. शोभेच्या लाकडाशी माझं भांडण नाही. पण मग सगळ्यांसमोर तुझ्या तोंडानं सांगायचं की चमत्कार नाही. पोळं नसेल, तर पाद्रीशेजारी गाडीत बसायचं."

"गाडीत बसायला मला वेळ नाही," ऑड्री म्हणाली. "गूच, माझ्या घरून टोपली आणि धुराचं मडकं आण."

मडक्यात वाळलेली भुईछत्री पेटवली. त्याच्या धुरानं माश्या सुस्तावतात. तिनं परकर कमरेला खोचला, टोपली पाठीला बांधली आणि निघाली. खाली राल्फ गूच शिडी धरून पुटपुटत होता, "मेरी माते, मेरी माते."

"तिला हाका मारू नकोस, शिडी धर!"

अर्ध्यावर तिनं खाली बघायचं सोडलं. नवरा कसा पडला ते आठवायचंही सोडलं. आवाज वाढत गेला. खाली तो सूर होता. इथं तो लाकडातून हातात येत होता, शिडीतून पायांत, छातीच्या फासळ्यांत. ती देवदूताच्या तोंडासमोर आली. लव्हाळ्यात उताणं पडून जन्मभर बघितलेलं ते तोंड तिच्या तोंडाएवढंच होतं. ओठ किंचित उघडे. गालावर मधाची वाट. तिला नकळत तिनं डोईच्या रुमालाच्या टोकानं त्याचं तोंड पुसलं, पोराचं पुसावं तसं.

मग तुळईला धरून ती मागं वळली, पोळ्यासाठी, आणि हात तिथंच राहिला.

देवदूताची पाठ कोरलेली होती.

पाठ, जी छपराला लागून असते. पाठ, जी खालून, दारातून, वेदीवरून, कुठूनच कुणाला दिसत नाही, आणि छप्पर मोडेपर्यंत दिसणारही नाही. तिथं पंखांची पिसं एकावर एक बसवलेली, प्रत्येक पिसाला मधली काडी, काडीला दोन्हीकडं बारीक रेषा. झग्याला मागून चुण्या. केसांच्या बटा मानेवर रुळलेल्या. आणि वर रंग, लाल, हिरवा, ऊन न लागल्यामुळं काल लावल्यासारखा ताजा. खालचे रंग तिच्या आजीच्या डोळ्यांदेखत उडाले होते. इथं कुणीतरी अंधारात, उंचावर, कुणीही बघणार नाही हे माहीत असताना, शेवटच्या पिसाची शेवटची रेषा काढली होती. रंग ओला असताना कुणाचातरी तळवा पंखाच्या मुळाशी टेकला होता. पाचही बोटं उमटली होती. जाड, कामाची बोटं. एकाचं टोक तुटलेलं.

ऑड्रीनं त्या ठशावर आपला हात ठेवला. कुणासाठी केलंस रे बाबा, असं तिच्या मनात आलं आणि पुढं काही येईना. तिनं शेजारच्या देवदूताच्या पाठीकडं बघितलं. तीही कोरलेली. त्याच्या पलीकडची, अंधारात बुडालेली, तीही. ओळीनं सगळे. गावाच्या डोक्यावर, वर्षानुवर्षं, न दिसणारी पिसं.

"आहे का पोळं?" खालून साहेबाचा आवाज आला, विहिरीतून यावा तसा.

"आहे!"

दोन पंखांच्या मधे पांढरी पिवळी पोळी, पडद्यासारखी लोंबणारी. तिनं धूर दिला, आईसारखंच हळू बोलत राहिली, "चला गं बायांनो, घरी चला, तुमचं काम झालं," आणि पोळी सोडवली. राणीमाशी टोपलीत गेली. तेव्हा आम्ही तिला राजाच म्हणायचो. मागोमाग बाकीच्या गेल्या. गाणं लाकडातून निघून टोपलीत शिरलं आणि दालन एकदम रिकामं झालं. खाली कुणीतरी हुंदका दिला.

ती उतरली तेव्हा हातांवर, मानेवर डंख उठलेले. पोळ्याचा तुकडा तिनं साहेबाच्या हातात दिला. त्यानं तो फिरवून बघितला.

"आता सांग."

सगळं गाव तिच्याकडं बघत होतं. सिबिल आंधळ्या डोळ्यांनी बघत होती.

"मधात चमत्कार नाही," ऑड्री म्हणाली.

मास्टर ऑर्विसनं तिच्याकडं जरा रोखून बघितलं. तिनं मधावर जोर दिला होता हे त्याच्या कानातून सुटलं नसावं. पण तो दमलेला होता, आणि दारातून बाहेर पडताना त्यानं पुन्हा एकदा मान वर केली. करवती गाडीत गेल्या. पाद्री मागं राहिला.

देवदूत वाचले, पण गाव काही तिच्या पाया पडलं नाही. उलट बायका तिला बघून रस्ता बदलायच्या. चमत्कार होता तो हिनं टोपलीत भरून नेला. सिबिलनं तर कुंपणापलीकडून बोलणंच टाकलं. ऑड्रीनं कुणाची मनधरणी केली नाही. तो तिचा स्वभावच नव्हता.

फेब्रुवारीत मेणबत्त्यांचा सण आला. त्या दिवशी प्रत्येकानं आपापली मेणबत्ती हातात धरून चर्चमधे फिरायचं. ही चाल अजून बंद झालेली नव्हती. त्या पोळ्यांच्या मेणाची ऑड्रीनं एक जाड मेणबत्ती ओतली होती. मोठ्या क्रूसापुढचा दिवा कायद्यात बसत होता, ती तिथली. आणि दुसरी एक बारीक. ती तिनं सिबिलच्या हातात कोंबली.

"घे, मावशी."

"मला नको तुझं."

"माझं कुठंय? वरचं आहे."

सिबिलनं मेणबत्ती हुंगली. मग खालच्या आवाजात, जणू विचारायचं नव्हतं तरी, "काय होतं गं वर?"

ऑड्रीनं पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. म्हातारीचा तळवा उलटा करून त्यावर बोटानं पीस काढलं, मधली काडी, दोन्हीकडच्या रेषा. मग दुसरं. मग बटा. मग सिबिलचा हात पसरून त्यावर आपला ठेवला, "इथं एक बोट तुटलेलं."

"पाठीला? जिथं दिसत नाही तिथं?"

"तिथंच."

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या, मावशी."

मेणबत्त्या घेऊन लोक दालनात फिरत होते आणि उजेड वर चढत होता.

"मध माश्यांचा होता, ते ठीक," म्हातारी शेवटी म्हणाली. "पण तुला त्या पाठीपर्यंत कुणी नेलं गं, भांडखोरे? नाहीतर गुपचूप घरी बसली असतीस तू."

पाणवठ्यावर कुणाचंही न ऐकणाऱ्या ऑड्री थर्कलनं मान वर केली आणि छपराकडं बघत राहिली.

ती बरीच जगली. राजे बदलले, दिवे पुन्हा लागले, पुन्हा विझले, मार्गारेटची मूर्ती गेली, भिंतींवर चुना आला. तिनं प्रत्येक वेळी तोंड वाजवलं. मरताना एकच हट्ट धरला, उत्तरेच्या बाजूला पुरा म्हणून. लोक म्हणाले, म्हातारीचं डोकं फिरलंय, तिकडं कुणी पुरतं का? गूचच्या मुलानं खाजकुइली कापून खड्डा खणला. उत्तरेचं पहिलं थडगं ते. दगड नाही, नाव नाही. नंतर हळूहळू तिच्या शेजारी इतरही आले आणि आता ती बाजू दक्षिणेइतकीच भरलेली आहे.

पत्र्याखालची फट अजून तशीच आहे. कारभारी बदलतात, कुणीतरी ती बुजवायला निघतं, आणि शिडी लावायची वेळ आली की बेत पुढं ढकलला जातो. मे महिन्यात तिथं उभं राहिलं की वरून आवाज येतो.